भोपळा

कैचीचा पूल म्हणतात याला.
मी कागदावर काढला तेव्हा नुसते त्रिकोण होते,
एकाच्या खांद्याला लागून दुसरा,
आणि प्रत्येक दांड्याच्या कडेला बारीक आकडे :
किती ताण, किती दाब.
काही दांड्यांवर फक्त शून्य.

पंचगंगेवर मार्गशीर्षातलं धुकं,
त्यात पलीकडच्या गुऱ्हाळाचा धूर,
गोडसर, खोकला आणणारा.
दस्तगीर शिकलगार पुढे, मी मागे,
फळीवरून, एका वेळी एक पाऊल.
रिव्हेटच्या कडेला डाव्या हाताचं बोट,
वर उजव्या हाताची हातोडी.
खण्ण. पुढे.
खण्ण. पुढे.
थड्.
"ह्यो बोटाला चावतोय मॅडम. लिवा."
मी लिहिते : तिसरा गाळा, खालची पट्टी,
सांधा चार, डावीकडून सहावा.

मूळ नकाशा मेणकापडावरचा,
घडीघडीत उंदरांनी खाल्लेला.
सही कुणाची, ते लागत नाही.
सोबत हजेरीची वही, मोडीत.
ऑफिसात कुणालाच येत नाही,
म्हणून इचलकरंजीच्या एका म्हाताऱ्या तलाठ्यांकडून
एका रविवारी वाचून घेतली.
लोहार चार, नावांसकट. घणकरी आठ, नावांसकट.
पाणक्याचंसुद्धा नाव आहे, सटवा कोळी.
आणि शेवटी :
भट्टीवरचं पोर, एक. दोन आणे.

हे पोर रिव्हेट लाल करायचं,
चिमट्यात धरून वर भिरकवायचं,
वरचा गडी बादलीत झेलायचा.
घण पडायचे, आणि मग निवता निवता रिव्हेट आखडायचा,
दोन पत्र्यांना एकमेकांत आवळायचा.
एवढ्यावर उभा आहे पूल :
काहीतरी गरम होतं, ते थंड झालं.

रंगाच्या आधी लोखंडाला शेंदूर लागतो,
खालच्या घाटावरच्या म्हसोबाला लागतो तसाच.
"बापानं लावल्याला असंल अजून आत,"
दस्तगीर म्हणतो, "लई खरवडू नगा."
मी नखाएवढंच खरवडते.
राखाडी, शेंदरी, काळा,
राखाडी, पुन्हा शेंदरी,
मग लोखंड.

एक टोक दगडात घट्ट रोवलेलं,
दुसरं रोलरवर मोकळं.
चैत्रात पूल अर्धं बोट लांबतो,
पौषात तेवढाच मागे येतो.
"दोनी कडनं बांधला तर फुटंल की.
आता माझी थोरली लेक..."
पुढं बोलला नाही.
रोलरमधली माती काडीनं उकरत बसला.

चहाच्या वेळी नकाशा उलगडला.
"ह्येच्यावर भोपळा का काढलाय?"
म्हटलं, गणितात त्याच्यावर काही येत नाही.
"मग ठिवलाय कशाला?"
शेजारचा लांब दांडा दाबाखाली
मधेच वाकू नये म्हणून. धरून ठेवायला.
त्यानं बशी पुसली, उपडी घातली.
"मग येतंय की कायतरी."

कोल्हापूरहून सुटलेली गाडी आली.
आम्ही आडोशाच्या कठड्यात सरकलो.
त्यानं त्या दांड्यावर तळवा टेकला, मग मीही.
इंजिन, डबे, दुधाचे कॅन, कुणाचा तरी उघडा डबा, लोणच्याचा वास.
तळव्याखाली लोखंड
ताप चढलेल्या माणसासारखं कापत होतं.
माझ्या वहीत त्या कापण्याला रकाना नाही.

शेजारी नव्या काँक्रीटचे खांब
पाण्याच्या वर आलेत, सळया वर काढून.
पावसाच्या आधी हा कापतील,
टनावर विकतील. भाव ठरलाय.
एकदा विचारलंच :
मोडायचाच आहे, मग इतकं तपासायचं कशाला?

दस्तगीरनं हातोडी बदलली,
बोट पुढच्या रिव्हेटला लावलं.
"तवर गाड्या हायत की."

खण्ण.
खण्ण.
थड्.

"लिवा."